अवजड यंत्रांचा प्रवास

धरणे, कालवे, रस्ते आणि पूल यांची कामे आज मोठमोठ्या यंत्रांच्या साहाय्याने होतात. जमीन सपाट करणारा बुलडोझर, माती उपसणारे खोदयंत्र, खडी दाबणारा रोलर ही यंत्रे आपापल्या कामाच्या जागी मोठी पराक्रमी दिसतात. परंतु एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याची वेळ आली, की हीच यंत्रे परावलंबी होतात. खोदयंत्राचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात या यंत्राला लोक ‘पोकलेन’ म्हणतात. एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. मध्यम आकाराच्या पोकलेनचे वजन सुमारे २० टन, म्हणजे पाच मोठ्या हत्तींच्या वजनाइतके भरते. ते आपल्या पोलादी पट्ट्यांवर ताशी जेमतेम पाच-सहा किलोमीटर चालते. शंभर किलोमीटरांवरील कामावर ते असे चालत गेले, तर पुष्कळ वेळ लागेल, यंत्राची झीज होईल आणि त्याच्या पट्ट्यांखाली डांबरी रस्ता उखडून जाईल, तो वेगळाच. म्हणून अशा यंत्राला दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून प्रवास करावा लागतो.

हे वाहन म्हणजे ट्रेलर. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. पुढे जोडलेला शक्तिमान ट्रक त्याला ओढून नेतो. अवजड यंत्रांसाठी वापरला जाणारा ट्रेलर मुद्दाम ठेंगणा बांधलेला असतो. त्याचा तळ जमिनीपासून थोड्याच उंचीवर असल्यामुळे वरचे यंत्र फार उंच जात नाही. एक तर त्यामुळे पुलांच्या कमानी आणि विजेच्या तारा यांच्याखालून जाणे सोपे होते आणि दुसरे म्हणजे वाहन कलंडण्याचे भय कमी होते. ट्रेलरला चाकेही पुष्कळ असतात. सगळा भार चार-सहा चाकांवर पडला, तर टायर आणि रस्ता दोन्ही खचतील. तोच भार पुष्कळ चाकांवर विभागला, की प्रत्येक चाकाच्या वाट्याला थोडाच येतो.

एवढे २० टनांचे धूड ट्रेलरवर चढवून ठेवले, की काम संपले असे पाहणाऱ्याला वाटते. कडब्याने भरलेली बैलगाडी शेतकरी दोरखंडाने आवळून बांधतो, हे समजण्यासारखे आहे. कडबा हलका असतो. वाऱ्याने उडेल, हिसक्याने घसरेल. परंतु दहा माणसांनी रेटले तरी जे तसूभर हलत नाही, त्या यंत्राला बांधायचे कशासाठी? ते आपल्या वजनानेच जागच्या जागी बसून राहणार नाही काय? अनेकांची अशीच समजूत असते आणि अवजड मालाच्या वाहतुकीत हीच समजूत सर्वांत घातक ठरते.

ती का घातक आहे, हे एस.टी.च्या गाडीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला समजू शकते. गाडी वेगात असताना चालकाने एकाएकी ब्रेक दाबला, की उभे प्रवासी पुढे फेकले जातात. त्यांना मागून कोणी ढकललेले नसते. गाडीबरोबर त्यांच्या शरीरालाही वेग आलेला असतो. गाडी थांबते, पण शरीर मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. पदार्थाच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. थोर शास्त्रज्ञ न्यूटन याने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गतीचे जे नियम मांडले, त्यांपैकी पहिला नियम हाच आहे. स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच दिशेने, त्याच वेगाने चालत राहू पाहते. बाहेरून बळ लावल्यावाचून या स्थितीत बदल होत नाही. ट्रेलरवरील यंत्रालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो. ट्रेलरला ब्रेक आहेत. यंत्राला मात्र त्या वेगापासून आवरणारे काही तरी हवे.

आवरण्याचे थोडे काम घर्षण करते. यंत्राचा तळ आणि ट्रेलरचा तळ यांच्यामधील खरखरीतपणामुळे यंत्र सहजासहजी घसरत नाही. यंत्र जितके जड, तितके घर्षण अधिक, हेही खरे. मग जड यंत्र अधिक सुरक्षित नव्हे काय? येथेच गफलत होते. वजनाबरोबर घर्षण ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात यंत्राला पुढे नेणारे जडत्वही वाढते. वजन दुप्पट झाले, तर धरून ठेवणारे बळ दुप्पट होते आणि आवरावयाचा जोरही दुप्पट होतो. अशा रीतीने वजनाचा लाभ आणि वजनाचा तोटा यांची फिटंफाट होऊन जाते.

या गोष्टीचा पडताळा घरीही पाहता येतो. वाण्याच्या तराजूतील एक किलोचे आणि शंभर ग्रॅमचे अशी दोन लोखंडी वजने एका गुळगुळीत पाटावर शेजारी शेजारी ठेवावीत आणि पाटाची एक कड हळूहळू उचलावी. मोठे वजन शेवटपर्यंत चिकटून राहील आणि लहान तेवढे घसरेल, असे होत नाही. वजनांचा तळ सारखाच असेल, तर दोन्ही वजने जवळजवळ एकाच वेळी घसरू लागतात. आता पाटावर रबराचा पातळ तुकडा अंथरून हाच प्रयोग केला, तर पाट पुष्कळ अधिक उचलावा लागतो. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. वस्तू जड आहे म्हणून ती घसरणार नाही, असा भरवसा धरता येत नाही. आणि वस्तू कोणत्या पृष्ठभागावर ठेवली आहे, याला मोठे महत्त्व असते. पोलादावर पोलाद सहज घसरते, मध्ये चिखल किंवा तेल असेल तर फारच सहज घसरते. म्हणूनच ट्रेलरचा तळ बहुधा जाड लाकडी फळ्यांचा केलेला असतो, किंवा यंत्राखाली रबर अंथरतात.

जोराने ब्रेक दाबला असता यंत्र किती बळाने पुढे झेपावते, याचा हिशेब अभियंत्यांनी करून ठेवला आहे. युरोपात आणि अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या नियमांनुसार मालाची बांधणी पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या आठ-दशांश, तर मागच्या दिशेला आणि दोन्ही बाजूंना निम्म्या वजनाइतका जोर सोसू शकेल अशी हवी. २० टनांच्या पोकलेनला हे माप लावले, तर पुढे १६ टनांचा आणि बाजूला १० टनांचा जोर आवरावा लागतो. खाली नुसते पोलाद असेल, तर त्या १६ टनांपैकी दोन ते चार टनांचा भारच घर्षण उचलते. उरलेला सर्व जोर बांधणीने पेलायचा असतो. बांधणी नसेल, तर तो जोर ट्रकच्या पुढील कक्षात बसलेल्या चालकाच्या पाठीवर येऊन आदळतो.

बांधणीचे काम यंत्र चढवण्यापूर्वीच सुरू होते. प्रथम ट्रेलर सपाट आणि टणक जमिनीवर उभा करतात, त्याचे ब्रेक लावतात आणि चाकांना लाकडी ठोकळ्यांची अडण देतात. यंत्राच्या पट्ट्यांत अडकलेली माती खरवडून काढतात आणि ट्रेलरचा तळ झाडून घेतात. मग ट्रेलरच्या मागील बाजूस उतरत्या फळ्या लावून यंत्र अगदी सावकाश वर घेतात. या वेळी एकच जाणता माणूस चालकाला हाताने खुणा करतो. यंत्र घसरले किंवा कलंडले, तर कोणी त्याखाली सापडू नये, म्हणून उतरणीच्या मागे किंवा शेजारी कोणालाही उभे राहू देत नाहीत.

यंत्र ट्रेलरवर नेमके कोठे उभे करायचे, हेही ठरलेले असते. बैलगाडी भरताना शेतकरी हीच काळजी घेतो. भार फार मागे गेला, तर गाडी उलळते. फार पुढे आला, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर पडते. ट्रेलरचेही तसेच आहे. भार मागे गेला, तर ओढणाऱ्या ट्रकची मागची चाके हलकी होऊन त्यांची रस्त्यावरील पकड सुटते. पुढे आला, तर ट्रकवर बोजा पडतो. एका बाजूला झुकला, तर वळणावर घात होतो. म्हणून यंत्राचा गुरुत्वमध्य ट्रेलरच्या मध्यरेषेवर येईल आणि भार सर्व आसांवर योग्य प्रमाणात वाटला जाईल, अशा जागी यंत्र उभे करतात.

त्यानंतर यंत्राचे हातपाय आवरतात. पोकलेनची लांब भुजा पूर्ण खाली घेऊन बकेट ट्रेलरच्या तळावर टेकवतात आणि तीही बांधतात. पोकलेनचा वरचा भाग आपल्या आसाभोवती गरगर फिरू शकतो; तो फिरू नये म्हणून त्याला खिळ घालतात. काही यंत्रांना मधोमध सांधा असतो. तो सांधाही पोलादी दांडा अडकवून पक्का करतात. यंत्र बांधले, पण त्याची भुजा मोकळी राहिली, तर वळणावर ती बाहेर झुलून रस्त्याकडेच्या माणसाला किंवा समोरून येणाऱ्या वाहनाला धडक देऊ शकते. बांधणीत यंत्राचा कोणताही हलता भाग विसरून चालत नाही, तो यासाठीच.

आता साखळ्यांची पाळी येते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सुमारे साडेचार टनांहून अधिक वजनाचे, चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणारे यंत्र निदान चार ठिकाणी बांधावे लागते. यंत्राच्या चार कोपऱ्यांना बांधणीसाठी कड्या ठेवलेल्या असतात. त्यांत साखळ्या अडकवून त्या ट्रेलरच्या कडांवरील कड्यांपर्यंत तिरप्या नेतात. पुढच्या साखळ्या यंत्राला पुढे खेचतात आणि मागच्या साखळ्या मागे. ब्रेक दाबल्यावर यंत्र पुढे जाऊ लागले, की त्याला आवरण्याचे काम पुढच्या साखळ्या करीत नाहीत, तर मागच्या साखळ्या करतात. खुंट्याला बांधलेली गाय पुढे धावली, म्हणजे तिचे दावे मागूनच तिला खेचून धरते, तसेच हे होय. साखळ्या बाहेरच्या बाजूंनाही तिरप्या नेल्या, किंवा फुलीच्या आकारात एकमेकींवरून नेल्या, म्हणजे यंत्र डावीउजवीकडेही सरकत नाही.

साखळीचा तिरकसपणा किती असावा, हा मोठा मजेदार प्रश्न आहे. साखळी सरळ उभी बांधली, तर ती यंत्राला खाली दाबून ठेवते, पण पुढे सरकण्यापासून ती प्रत्यक्ष आवरीत नाही. तळाशी ६० अंशांचा कोन करून बांधली, तर तिच्या ताणाचा निम्मा भाग पुढेमागे धरण्याच्या उपयोगी पडतो. ४५ अंशांचा कोन केला, तर जवळजवळ सात-दशांश भाग उपयोगी पडतो. म्हणजे साखळी तीच, पण बांधणाऱ्याच्या अकलेप्रमाणे तिचे बळ कमी-अधिक ठरते. भूमितीच्या वहीतील कोन येथे माणसांचे प्राण राखतात.

साखळी नुसती अडकवून भागत नाही. ती ताठ हवी. त्यासाठी तरफेच्या किंवा मळसूत्राच्या तत्त्वावर चालणारे एक लोखंडी साधन साखळीत जोडतात आणि त्याच्या साहाय्याने साखळी आवळतात. ढिली साखळी ही नसलेल्या साखळीहून फारशी बरी नसते. यंत्र हिसक्यासरशी हलते, ढिलाई संपेपर्यंत वेग घेते आणि मग त्या एका झटक्यात साखळी तुटू शकते. प्रत्येक साखळीला किती भार सुरक्षितपणे सोसेल, याचे माप ठरलेले असते आणि तिच्यावर तशी खूण असते. ज्या साखळीची कडी वाकली आहे, झिजली आहे किंवा तडकली आहे, ती साखळी बाजूला टाकतात. साखळी आखूड करण्यासाठी तिला गाठ मारणे किंवा पीळ देणे हाही दोषच होय. त्याने कड्यांवर वेडावाकडा ताण पडून तिचे बळ घटते. विणलेले पट्टे वापरायचे असतील, तर पोलादी धारेवर ते कापले जाऊ नयेत म्हणून मध्ये जाड आवरण घालतात. अनेक कड्यांच्या साखळीचे बळ तिच्यातील सर्वांत दुबळ्या कडीएवढेच असते.

एवढी तयारी करून ट्रेलर रस्त्याला लागला, तरी काळजी संपत नाही. पहिल्या काही किलोमीटरांतच खड्ड्यांच्या हादऱ्यांनी यंत्र जागेवर किंचित बसते, पट्ट्यांखाली राहिलेली माती दबते आणि मघाशी ताठ असलेल्या साखळ्या सैल पडतात. म्हणून थोडे अंतर गेल्यावर थांबून सर्व बांधणी पुन्हा तपासावी लागते. अमेरिकेत ही पहिली तपासणी ८० किलोमीटरांच्या आत करावी, असा नियम आहे. त्यानंतरही ठरावीक अंतराने किंवा ठरावीक वेळाने ती पुन्हा करावी लागते. वळणावरचा हिशेब तर अधिकच कडक असतो. तेच वळण दुप्पट वेगाने घेतले, तर यंत्राला बाहेर फेकू पाहणारा जोर दुप्पट न होता चौपट होतो. घाट उतरताना उताराची ओढ आणि ब्रेकचा हिसका एकाच दिशेने काम करतात. म्हणून बोरघाटासारख्या घाटात जाणता चालक आधीच खालचा गिअर घालतो, इंजिनाच्या बळानेच वेग आवरतो आणि ब्रेकवर सगळा भरवसा टाकीत नाही.

रस्ता हा एकट्या ट्रेलरचा नसतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मालवाहू वाहनाची सर्वसाधारण रुंदी २.६ मीटरांपर्यंत मर्यादित केली आहे. त्याहून रुंद यंत्र न्यायचे असेल, तर संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. बाहेर आलेल्या भागांवर दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा लावतात. वाटेतील पूल किती भार पेलतील, कमानींची आणि तारांची उंची किती आहे, कोणते वळण अरुंद आहे, याची पाहणी निघण्यापूर्वीच करतात.

अशा प्रवासाला किती धीर लागतो, याचे एक विलक्षण उदाहरण अलीकडेच घडले. अग्निबाणांचे हलके आणि मजबूत भाग बनवण्यासाठी तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राला एक प्रचंड ‘ऑटोक्लेव्ह’ हवे होते. ऑटोक्लेव्ह म्हणजे जणू स्वयंपाकघरातील कुकरचा महाकाय भाऊ; त्यात बंद जागेत उष्णता आणि दाब देऊन वस्तू पक्की करतात. सुमारे ७० टनांचे हे यंत्र जुलै २०१९ मध्ये ७४ चाकांच्या वाहनावर चढून महाराष्ट्रातून निघाले आणि तब्बल एक वर्षाने, जुलै २०२० मध्ये, केरळच्या राजधानीत पोहोचले. सरासरी काढली, तर दिवसाला सुमारे पाच किलोमीटर! वाटेत कोठे विजेच्या तारा दूर कराव्या लागल्या, कोठे झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, कोठे रस्ता दुरुस्त करावा लागला. त्यातच २०२० सालच्या टाळेबंदीने खोळंबा केला. अंतराळात झेपावणाऱ्या यानांची सामग्री जमिनीवरून मात्र गोगलगाईच्या गतीने गेली. परंतु ती सुखरूप गेली आणि तिच्यासाठी झटलेल्या बत्तीसएक माणसांच्या श्रमांचे चीज झाले.

सगळ्याच ट्रेलरांच्या नशिबी अशी कीर्ती नसते. रोज असंख्य यंत्रे या गावाहून त्या गावी जातात. बांधणी चांगली असली, की काहीच घडत नाही आणि काहीच घडले नाही म्हणून त्याची वार्ताही होत नाही. शाळेतून सायकलवर घरी परतणारा मुलगा, बाजाराला निघालेली बाई, मागून येणाऱ्या बसमधील प्रवासी यांच्या शेजारून २० टनांचे यंत्र निघून जाते आणि ते आपल्याच गप्पांत असतात. त्यांना ठाऊकही नसते, की पहाटे कोणी तरी कंदिलाइतक्या उजेडात वाकून एकेक कडी हाताने चाचपून पाहिली होती आणि एक सैल साखळी पुन्हा आवळली होती. ज्यांची कधी भेट होणार नाही, अशा माणसांच्या जिवाची काळजी वाहणे, हाच त्या कामगाराच्या कामाचा खरा अर्थ होय. यंत्राचे वजन कितीही असो, त्याला आवरून धरतात त्या साखळ्या. आणि साखळ्यांना बळ येते ते त्या बांधणाऱ्याच्या दक्षतेने.